काचेची नळी आणि पाण्याचा महिना

“कलाशाखेचा विद्यार्थी आणि काच वाकवणार?” असे म्हणून मित्र हसले. पण रबरी नळी पाण्यात वळवळते, वनस्पतींच्या मुळाशी नेमकी जात नाही. म्हणून मत्स्यपेटीतला गाळ काढण्यासाठी काचेचा सायफन घरीच करायचे ठरवले.

पाऊण मीटर लांबीची बारीक काचनळी घेतली. तिच्या धारदार कडा ज्योतीत धरून गुळगुळीत केल्या. वाकवायची जागा स्पिरिटच्या दिव्यावर सतत फिरवत तापवली. पहिल्यांदा घाईने जोर लावला, तर नळी चेपून बंद झाली! दुसरी नळी काच आपणहून लवेपर्यंत तापवली आणि दोन काटकोन साधले. नळी पाण्याने भरून, दोन्ही तोंडे बोटांनी दाबून, आखूड बाजू पेटीत आणि लांब बाजू खाली बादलीत सोडली. बाहेरचे तोंड पेटीतल्या पाण्याच्या पातळीखाली असेपर्यंत धार चालू राहते.

माझ्या घाईची खरी शिक्षा मात्र माशांनी भोगली. पेटी भरली त्याच दिवशी सोडलेले सहा गप्पी आठवड्यात मेले. माशांच्या शरीरातून येणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पुढच्या वेळी व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला लावून, रोज चिमूटभर खाद्य टाकत दीड महिना थांबलो. मग दोनच गप्पी सोडले. आता पानांआड पिल्ले दिसतात.

मित्रहो, नळी एका संध्याकाळी होईल. पाण्याला मात्र सवड द्या.