अंगणवाडी : अनेक हातांचे काम

विद्यार्थी मित्रांनो, 'अंगणवाडी' हा शब्द तुम्ही नेहमी ऐकता. त्याचा पहिला भाग तुमच्या ओळखीचा आहे. मराठीत 'अंगण', उर्दूत 'आंगन'. हे नाव ताराबाई मोडक यांनी रूढ केले. १९४५ साली त्यांनी बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नव्हती. म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी देशात ३३ प्रकल्प होते. महाराष्ट्रात मुंबईची धारावी त्यांत होती. 'एकात्मिक' म्हणजे एकत्र जोडलेली. या योजनेत सहा सेवा आहेत : पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, आहार व आरोग्याचे शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. आजारी बालकाला मोठ्या रुग्णालयात पाठवणे, याला संदर्भ सेवा म्हणतात.

या सहा सेवा एकाच खात्याच्या नाहीत. पहिल्या तीन सेवा महिला व बाल विकास विभाग पाहतो. उरलेल्या तीन आरोग्य विभाग पाहतो. शिवाय गावाला स्वच्छ पाणी देणे हे ग्रामपंचायतीचे काम. मूल एक, पण त्याची काळजी घेणारी खाती अनेक! ती एकमेकांना विचारून चालली तर मुलाचे भले होते. नाही तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत कोलाम, गोंड, परधान इत्यादी आदिवासी समाज राहतात. कोलामांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात. समजा, अशा एका पोडावर एक वर्षाची मुलगी आहे. अंगणवाडी सेविका तिचे वजन करते आणि दंडाचा घेर मोजते. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मुलगी अतितीव्र कुपोषित समजली जाते. सेविका हे आशाताईंना व आरोग्य सेविकेला कळवते. मुलीला दुसरा आजार नसेल, तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात तिला विशेष आहार मिळतो. आजार असेल, तर तिला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. तिथे आईलाही राहावे लागते. मग तिची मजुरी बुडते. म्हणून आईला बुडीत मजुरी देण्याची सोय ठेवलेली आहे. ही मजुरी वेळेवर मिळाली नाही, तर आई मुलीला घेऊन लवकर घरी परतते. पोडावर पिण्याचे पाणी दूषित असेल, तर मुलीला पुन्हा जुलाब होतात आणि वाढलेले वजन पुन्हा उतरते. म्हणजे एका खात्याने केलेले काम दुसऱ्या खात्याच्या ढिलाईने वाया जाते. गाडीचा एक बैल चालला आणि दुसरा बसून राहिला, तर गाडी जागची हलत नाही.

खाती एकत्र आली की काय होते, तेही पाहा. नोव्हेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. पैसा आदिवासी विकास विभागाचा, तर काम महिला व बाल विकास विभागाच्या अंगणवाडीचे. गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ पोटभर ताजे जेवण मिळू लागले. पुढे याच योजनेतून लहान मुलांनाही अंडी किंवा केळी देण्यात येऊ लागली. बाळाची काळजी ते जन्मण्याआधीच सुरू करायची असते, हे या योजनेने ओळखले.

मात्र एकत्र येणे पुरेसे नाही. प्रत्येकाने आपले काम चोख करावे लागते. ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेच्या दिवशी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. बालकांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व बालके बचावली. बाटलीवरील नाव वाचायला किती वेळ लागतो? क्षणभर! तो क्षण वाचवण्याची किंमत फार मोठी होऊ शकते.

ज्यांच्या हाती आपण बाळे सोपवतो, त्यांचीही काळजी घेतली पाहिजे. अंगणवाडी सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळते. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या. तो संप सुमारे ५० दिवस चालला. तेवढे दिवस असंख्य अंगणवाड्यांना कुलूप होते.

आणखी एक प्रश्न तुमच्या अगदी जवळचा आहे. अंगणवाडी काही तासच भरते. कापसाची वेचणी मात्र दिवसभर चालते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून आई पहाटेच निघते. मग धाकट्या भावाला कोण सांभाळणार? थोरली बहीण! हंगामात कित्येक मुलींची शाळा अशीच बुडते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर सुरू करण्याची सोय केली. असे पाळणाघर वस्तीवर आले, तर एकाच वेळी तिघांचा फायदा होतो. बाळ सुरक्षित राहते, आई निश्चिंतपणे कामावर जाते आणि ताई शाळेत येते.

मित्रांनो, तुम्हीही या कामाला हात लावू शकता. धाकट्या भावंडांचे लसीकरणाचे कार्ड काढून वाचा. एखादी लस राहिली असेल, तर आईला सांगा. मराठीतील सूचना वाचता न येणाऱ्या शेजाऱ्यांना त्या समजावून सांगा. अंगणवाडीच्या अडचणी ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे मांडायला घरच्या मोठ्या माणसांना सुचवा. 'गाव करी ते राव काय करी' ही म्हण तुम्ही शिकला आहात. गावाने विचारले, की कार्यालयेही जागी होतात.

शब्दार्थ : रूढ करणे - प्रचारात आणणे, स्तनदा माता - बाळाला दूध पाजणारी आई, ढिलाई - कामातील सैलपणा, चोख - बिनचूक.

स्वाध्याय
१. अंगणवाडीच्या सहा सेवा कोणत्या?
२. आईला बुडीत मजुरी का द्यावी लागते?
३. पाळणाघरामुळे थोरल्या बहिणीचा कोणता फायदा होतो?
४. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' या म्हणीचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.