गैरसमज आणि वस्तुस्थिती : मंडणगडातून जाणारे बुलेटवाले

पावसाळा सरला की शनिवार-रविवारी लोणेऱ्याला महामार्ग सोडलेले मोटरसायकलवाल्यांचे गट गोरेगाव, आंबेत, म्हाप्रळ करत मंडणगडात येऊ लागतात. कोणाला वेळास गाठायचं असतं, कोणाला बाणकोटचा किल्ला, कोणी पुढे केळशी-दापोलीकडे जातात. काळी जाकिटं, पाठीवर कवटी नाहीतर गरुड, हेल्मेटमध्ये झाकलेले चेहरे. अशा पंधरा-वीस गाड्या चहाच्या टपरीसमोर एकदम थांबल्या की म्हातारीकोतारी माणसं पोरांना आत बोलावतात. उलट आमच्याच तालुक्यातल्या कॉलेजच्या मुलांना वाटतं, जाकीट घेतलं, सायलेन्सर बदलला की आपणही क्लबवाले. भीती आणि भुरळ दोन्ही चुकीच्या माहितीवर उभ्या आहेत, म्हणून हा लेख.

क्लब म्हणजे टोळी?

हा समज आला अमेरिकेतून, आणि तो कसा पसरला हे जाणून घेण्यासारखं आहे. तिथे मोटरसायकल क्लब विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा क्लब 1904 सालचा. शर्यती, सहली, एकत्र जेवण असं त्याचं साधं रूप होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेले तरुण या छंदात मोठ्या संख्येने आले. जुलै 1947 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या छोट्या गावी मोटरसायकल मेळावा भरला आणि गावाला पेलवणार नाही इतकी गर्दी झाली. दारू पिऊन गोंधळ झाला, अटका झाल्या, पण त्या बहुतेक किरकोळ कारणांसाठी. मग ‘लाइफ’ मासिकात बाटल्यांच्या ढिगामागे मोटरसायकलवर रेललेल्या माणसाचं छायाचित्र आलं. ते मुद्दाम जुळवून काढलं होतं, असं तेव्हा तिथे हजर असलेल्यांपैकी काहींनी पुढे सांगितलं. 1953 मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ आला आणि एका गावातला गोंधळ जगभराच्या मनात मोटरसायकलवाल्याची ओळख होऊन बसला.

‘नव्व्याण्णव टक्के मोटरसायकलवाले सभ्य आहेत, एक टक्काच वाईट’ असं तिथल्या अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने म्हटल्याची कथा सगळीकडे सांगितली जाते. असं काही आपण म्हटल्याची नोंद सापडत नाही, हे त्याच संस्थेने पुढे स्पष्ट केलं. पण काही क्लबांनी तो ‘एक टक्का’ अभिमानाने अंगावर मिरवायला घेतला. हेल्स एंजल्स हा 1948 पासूनचा क्लब त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. अशा काही क्लबांचे लोक गंभीर गुन्ह्यांत सापडले आहेत, आणि नेदरलँड्सच्या न्यायालयाने 2019 मध्ये हेल्स एंजल्सवर देशभर बंदी घातली. म्हणजे भीती निराधार नाही, पण ती ज्यांच्याविषयी आहे ते मूठभर आहेत, आणि ते म्हाप्रळच्या पुलावरून येत नाहीत.

आपल्याकडचे गट बहुतेक रायडिंग क्लब आहेत. आठवडाभर कंपनीत, बँकेत, दवाखान्यात काम करणारी माणसं रविवारी पहाटे निघतात. बरेच क्लब गाडीच्या नावावर जमलेले, बुलेटवाल्यांचे नाहीतर जावा-येझदीवाल्यांचे. 1955 मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या 1996 पर्यंत निघाल्या, आणि या दोन कारखान्यांच्या गाड्यांनी आपल्याकडे घराघरांत जीव लावला. गोव्यात 2013 पासून इंडिया बाइक वीक सुरू झाला. रॉयल एन्फील्डचा रायडर मेनिया तर त्याच्याही आधीचा. 2023 पासून त्याला मोटोव्हर्स म्हणतात.

पाठीवरचा पॅच नुसती फॅशन आहे?

आपल्याकडे बहुधा हो, अमेरिकेत मुळीच नाही. तिथे पाठीवर तीन तुकडे असतात : वर कमानीत क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खाली कमानीत प्रदेशाचं नाव. खालची कमान म्हणजे ‘हा मुलूख आमचा’ असा दावा मानला जातो. त्या भागातल्या जुन्या, वजनदार क्लबला न विचारता कोणी ती लावत नाही. नव्या माणसाला आधी उमेदवारी करावी लागते. ती काही महिने चालते, कधी वर्षाहून जास्त. या काळात तो गाड्यांवर नजर ठेवतो, पडेल ते काम करतो, आणि सगळ्यांनी मान्य केलं तरच पूर्ण पॅच मिळतो. दुसऱ्याच्या जाकिटाला हात लावायचा नाही, न विचारता दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं नाही, क्लब सोडला की पॅच परत करायचा. यातलं पुष्कळसं कुठे लिहिलेलं नसतं, तरी सगळे पाळतात.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. पुण्यात हौसेने शिवून घेतलेलं तीन तुकड्यांचं जाकीट तिथल्या एखाद्या ढाब्यावर भलत्याच माणसाला आव्हान वाटू शकतं. एकच गोल पॅच लावणाऱ्या रायडिंग क्लबकडे मात्र कोणी वाकडं पाहत नाही.

सगळा खेळ वेगाचा?

माझ्या मते हा सर्वांत घातक गैरसमज. चांगल्या क्लबची ओळख वेगावरून होतच नाही, रांगेवरून होते. पुढे असतो रोड कॅप्टन. त्याला रस्ता ठाऊक असतो, आणि त्याला ओलांडून कोणी पुढे जात नाही. सर्वांत शेवटी स्वीप असतो. तो अनुभवी, पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी बहुधा त्याच्याकडेच असते. कच्चे चालक कॅप्टनच्या लगेच मागे ठेवतात, म्हणजे वेग त्यांच्या बेताने ठरतो. सरळ रस्त्यावर एक गाडी उजवीकडे, दुसरी किंचित मागे डावीकडे अशी रचना असते. घाट आला की ही रचना मोडून एकामागे एक. आणि प्रत्येकाने आपल्या मागच्याला आरशात धरून ठेवायचं. तो दिसेनासा झाला तर वेग कमी करायचा. त्यामुळे शेवटचा थांबला की हळूहळू अख्खी रांग थांबते.

कोकणातल्या रस्त्यांवर हे नियम हौसेचे उरत नाहीत. आमच्याकडे वळण संपायच्या आत दुसरं सुरू होतं. पावसात जांभ्याची लाल माती वाहून डांबरावर येते, झाडीखालच्या सावलीत शेवाळ धरतं, संध्याकाळी गुरं रस्त्यावरच बसतात. समोरून एसटी आली की मध्यरेषेकडे झुकलेल्या मोटरसायकलला जागाच राहत नाही. रस्त्यावर शर्यत लावणं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मोठ्या आवाजाने जीव वाचतो?

अमेरिकेतून आलेलं हे आणखी एक वाक्य. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, म्हणून आवाज मुख्यतः मागे जातो, आणि धोका बहुधा पुढून येतो. वळणावर हॉर्न वाजवणं जास्त कामाचं. 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघतानाच 80 डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्याच कलम 190 खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सायलेन्सरची जाळी काढलेली बुलेट रात्री गावातून नेणाऱ्याला कुठल्याही जबाबदार क्लबमध्ये मान मिळत नाही, हे आमच्या मुलांनी ऐकावं.

बायकांचं हे काम नव्हे?

यावर फार शब्द खर्चायला नकोत. अमेरिकेत मोटर मेड्स हा स्त्रियांचा क्लब 1940 पासून आहे. पुण्यात 2011 मध्ये उर्वशी पाटोळे यांनी द बायकर्णी सुरू केली आणि तिच्या शाखा देशभर पसरल्या. रमिला लटपटे 2023 मध्ये गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी नेसून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. मोठी गाडी लागते हाही असाच समज. शंभर सीसीवर शिस्तीत येणारा माणूस रांगेत चालतो.

जखमीला हात लावला तर पोलीस आपल्यालाच धरतील?

हा समज आपल्या गावांतला, आणि तो जीवघेणा आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. 108 ला फोन करा, येणारीजाणारी वाहनं थांबवा. पडलेल्या चालकाचं हेल्मेट मात्र ओढून काढू नका. मानेला मार असेल तर ती हिसक्याने कायमची जायबंदी होऊ शकते. श्वास अडकत असेल तरच, एकाने मान दोन्ही हातांनी स्थिर धरून दुसऱ्याने हळू काढावं.

वाळूवर गाडी नेली तर कोणाचं काय बिघडतं?

वेळासला बिघडतं. इथे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन संवर्धनाचं काम उभं केलं, आणि कासव महोत्सवामुळे गावातल्या घरांना पाहुण्यांपासून उत्पन्न मिळू लागलं. सापडलेली घरटी कुंपणात हलवतात, पण न सापडलेलं एखादं घरटं चाकाखाली येऊ शकतं. बोटभर पिल्लाला टायरची चाकोरी ओलांडणं कठीण, आणि रात्रीचे हेडलाइट त्याला समुद्राऐवजी जमिनीकडे खेचतात.

म्हणून मंडणगडात येणाऱ्या प्रत्येक रोड कॅप्टनला विनंती : वेळासला गाड्या गावातच उभ्या करून किनाऱ्यावर पायी जा. वेसवीच्या फेरीबोटीवर बाजारहाटाला निघालेल्या माणसांना आधी चढू द्या. आणि शाळा-दवाखान्यावरून जाताना रांगेतल्या शेवटच्या गाडीपर्यंत सगळ्यांचा वेग कमी असू द्या.