कोंबड्याची चरबी आणि औषधाची गोळी

अंडीं घालावयास आलेल्या कोंबडीचें थोडें रक्त कांचेच्या नळींत घेऊन गोठूं दिलें, तर वर जो द्रव सुटतो तो निवळ नसतो. ताकाच्या निवळीऐवजीं पातळ दूध समोर आहे कीं काय, असा भास होतो. हा पांढुरकेपणा चरबीचा. अंड्यांतील बलकाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग चरबी असतो, आणि ती बीजकोशांत तयार होत नाहीं. पक्ष्यांच्या शरीरांत चरबी बनविण्याचें काम मुख्यत्वें यकृत करतें. तेथून ती रक्तावाटे बलकापर्यंत जाऊन पोंचते. एरवीं हें काम बेतानें चालतें. परंतु बीजकोशांतून ईस्ट्रोजेन नांवाचें स्टेरॉइड रक्तांत उतरूं लागलें, कीं यकृताला जणूं हुकूम सुटतो आणि रक्तांतील चरबी कित्येक पटींनीं वाढते.

कोंबड्याला बीजकोश नसल्यामुळें त्याच्या यकृताला असा हुकूम कधींच सुटत नाहीं. तो बाहेरून सोडला तर काय होईल, या प्रश्नांतून एका मोठ्या धंद्याचा आणि पुढें एका मोठ्या भयाचा उगम झाला.

कोंबड्याची नरपणाची शक्ति काढून घेतली म्हणजे तो लठ्ठ होतो, हें ज्ञान मात्र जुनें आहे. प्राचीन रोमन लोक कोंबडे खच्ची करीत. असा कोंबडा आरवत नाहीं, भांडत नाहीं. त्याचा तुरा आखडतो, मांस मऊ राहतें आणि कातडीखालीं चरबी सांचते. गटिंगेन येथें १८४९ सालीं बेर्टोल्ड या शास्त्रज्ञानें खच्ची केलेल्या कोंबड्याच्या पोटांत वृषण पुन्हा बसवून पाहिलें, तेव्हां तुरा वाढला आणि बांगही परत आली. नव्या जागीं पूर्वींच्या मज्जातंतूंचा संबंध उरला नव्हता. अर्थात् संदेश रक्तावाटेच जात असला पाहिजे. अंतःस्रावांच्या शास्त्राचा आरंभ अशा रीतीनें कोंबड्यांच्या खुराड्यांत झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. खच्ची करण्याची क्रिया मात्र नाजूक. पक्ष्यांचीं वृषणें पोटाच्या आंत, मूत्रपिंडांजवळ असतात; बरगड्यांच्या मध्यें चीर देऊन तीं काढावीं लागतात, आणि कांहीं पक्षी त्यांतच दगावतात. शेंकडों कोंबडे पाळणाऱ्यास हें परवडणारें नव्हतें.

१९३८ सालीं दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठांत लॉरेन्झ, एंटेनमन व चायकॉफ यांनीं कोंबडीच्या रक्तांतील चरबीचा बीजकोशाशीं असलेला संबंध मोजून दाखविला; आणि इंग्लंडांत डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्टिल्बेस्ट्रॉल नांवाचा एक कृत्रिम पदार्थ तयार केला. रचनेनें हा पदार्थ स्टेरॉइडांच्या कुळांतला नव्हे. परंतु शरीरांत तो ईस्ट्रोजेनचेंच काम करतो. शिवाय तो स्वस्त, तोंडावाटे दिला तरी लागू पडणारा, आणि डॉड्स यांनीं त्याचें पेटंट न घेतल्यामुळें कोणासही बनवितां येण्याजोगा होता. लॉरेन्झ यांनीं त्याची लहानशी गोळी कोंबड्यांच्या कातडीखालीं बसविली आणि कोंबडे पुष्ट झाल्याचें १९४३ सालीं प्रसिद्ध केलें. शस्त्राचें काम गोळीनें झालें. १९४७ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें या गोळीला परवानगी दिली. पुढें डायनेस्ट्रॉल डायॲसिटेट या त्याच जातीच्या द्रव्याची भुकटी कोंबड्यांच्या खाद्यांतही मिसळूं लागले, म्हणजे प्रत्येक पक्षी हातांत धरण्याचाही त्रास वांचला.

कोंबड्याच्या शरीराची ही शुद्ध फसवणूक होती. यकृत समजे, अंड्यांची तयारी चालली आहे. तें चरबी रक्तांत सोडीत राही. परंतु अंडें येथें कोठून येणार? बलकाकडे जावयाची चरबी मग कातडीखालीं, पोटांत आणि स्नायूंच्या धाग्यांमध्यें जाऊन बसे. पक्षी भाजला म्हणजे वरची कातडी तुकतुकीत होई, मांस रसाळ लागे, आणि त्या काळच्या गिऱ्हाइकाला तेंच हवें होतें. तथापि वाढलेल्या वजनांत मांस थोडें आणि चरबी फार असे. तिला मांसाचाच भाव पडत होता, ही गोष्ट दुकानदारानें गिऱ्हाइकास समजावून सांगितली असेल असें वाटत नाहीं. नवल असें कीं, बैलांत याच द्रव्याचा परिणाम बहुतांशीं उलट होतो. तेथें मांस वाढतें. एकाच किल्लीनें निरनिराळ्या घरांत निरनिराळे दरवाजे उघडावेत, तसा हा प्रकार आहे.

गोळी मानेच्या वरच्या टोकाला, डोक्याजवळ बसवीत. डोकें टाकून द्यावयाचें, त्याबरोबर उरलेंसुरलें औषधही जाईल, असा हिशेब होता. पण अमेरिकेंत हीं टाकाऊ डोकीं व मुंड्या मिंक नांवाच्या केसाळ प्राण्यांना चारीत; त्यांच्या कातड्यांच्या कोटांना तेथें मोठी किंमत येते. १९५० च्या सुमारास मिंक पाळणाऱ्यांची तक्रार सुरू झाली, कीं माद्यांना पिलेंच होईनात. पुढें अधिक सूक्ष्म परीक्षा होऊं लागली, तेव्हां कोंबड्यांच्या यकृतांत, मूत्रपिंडांत आणि कातडीच्या चरबींत औषधाचा अंश सांपडला. त्यांत आश्चर्य कांहींच नव्हतें. हा पदार्थ तेलांत विरघळणारा आहे. ज्या चरबीसाठीं तो दिला, तिच्यांतच तो दडून राहिला. प्राण्यांना कर्करोग होण्यास तो कारण होतो, हें प्रयोगांवरून ठाऊक झालें होतेंच. १९५९ च्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारनें कोंबड्यांमधील त्याचा वापर थांबविला आणि बाजारांत पडून असलेला माल स्वतः विकत घेतला. गुरांच्या बाबतींत मात्र तो १९७९ पर्यंत चालू राहिला. मधल्या काळांत, १९७१ सालीं, बॉस्टनच्या डॉक्टरांनीं एक भयंकर गोष्ट उघडकीस आणली. गर्भपात टळावा म्हणून ज्या स्त्रियांना गरोदरपणीं हेंच औषध दिलें होतें, त्यांच्या कांहीं मुलींना ऐन तारुण्यांत योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग झाला होता. त्या मातांना तें वैद्यांनीं दिलेलें होतें, कोंबडीच्या ताटांतून आलेलें नव्हे, आणि त्याची मात्राही फार मोठी होती. हा भेद विसरतां कामा नये.

स्टेरॉइडांचें आणखी एक कूळ येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. भय, उष्मा, दाटी यांनीं पक्षी त्रासला म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांजवळील ग्रंथींतून कॉर्टिकोस्टेरोन पाझरतें. प्रयोगासाठीं तें खाद्यांत मिसळून दिलें, तर पक्ष्याचें मांस घटतें, वाढ खुंटते, यकृत चरबीनें जड होतें आणि पोटांत चरबीचा थर बसतो. म्हणजे स्टेरॉइड चारलें कीं कोंबडी भराभर मोठी होते, ही समजूत या ठिकाणीं अगदींच उलटी ठरते.

आणि तरीही मुंबई-पुण्याच्या घरांतून हीच समजूत आज फार ऐकूं येते. पांच-सहा आठवड्यांत दोन किलोंची कोंबडी तयार होते, तेव्हां तिला संप्रेरकांचीं इंजेक्शनें देत असले पाहिजेत. वाढत्या वयाच्या मुलींना ती देऊं नये, असें आया एकमेकींस सांगतात. शंका काळजींतून आलेली आहे, म्हणून तिला हंसण्याचें कारण नाहीं. परंतु तिचें उत्तर कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठानें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. तेथें १९५७ आणि १९७८ मधील जुने वाण वेगळे राखून ठेविलेले होते. ते आणि २००५ चा वाण असे तिन्ही एकत्र वाढविले व त्यांस एकच खाद्य दिलें. छप्पन्नाव्या दिवशीं पहिल्याचें सरासरी वजन ९०५ ग्रॅम, दुसऱ्याचें १८०८ आणि तिसऱ्याचें ४२०२ ग्रॅम भरलें. फरक वाणाचा होता. पिढ्यान् पिढ्या निवड करून तो घडविलेला होता. हजारों पक्ष्यांना एकेक धरून टोंचीत बसणें कोणाही पाळणाऱ्यास परवडणार नाहीं. आणि वाढीचें जें खरें संप्रेरक, तें प्रथिन असल्यामुळें खाद्यांतून दिल्यास पोटांतच पचून जातें. काळजी करावयाचीच, तर ती खाद्यांतून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविक औषधांची करावी. त्यांपैकीं कोलिस्टिन हें भारत सरकारनें २०१९ सालीं खाद्य-प्राण्यांसाठीं बंद केलें.

चरबीचा प्रश्न मात्र नव्या वाणानेंही सोडलेला नाहीं. त्याची भूक अफाट आहे. खाद्यांत प्रथिनांच्या मानानें मका व तेल अधिक झालें, कीं जास्तीच्या शक्तीची चरबी होते. जी चरबी १९४७ सालीं गोळी देऊन मिळवीत, ती आज खाटकाच्या पाटावर पिवळट गोळा होऊन पडते आणि गिऱ्हाईक ती काढून टाकावयास सांगतें. या कोंबड्यांच्या आयांना, म्हणजे ज्यांच्या अंड्यांतून हीं पिलें निघतात त्या माद्यांना, तर पोटभर खाऊं देतच नाहींत. दाणा मोजून देतात. नाहीं तर त्या लठ्ठ होतात आणि त्यांचीं अंडीं घालणेंच बिघडतें.