माहूरच्या शिखरावरून किती लांबचे दिसते?

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरचे डोंगर आहेत. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता ही तिन्ही ठिकाणे पायी करायची तर चांगला एक दिवस जातो. दत्तशिखरावरून सागाचे जंगल, पैनगंगेचे खोरे आणि पलीकडचा यवतमाळ जिल्हा नजरेत येतो.

दूरच्या डोंगरांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यांतला घट्ट काळा पाषाण टिकतो. त्याखालचा भोकाभोकांचा मांजऱ्या खडक लवकर झिजतो. म्हणून चढताना कडा, मग उतार, पुन्हा कडा असा क्रम लागतो. सपाट माथा म्हणजे झिजून गेलेल्या पठाराचा शिल्लक तुकडा.

क्षितिज किती दूर, याचे गणित सोपे आहे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि ३.५७ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. २०० मीटरवरून क्षितिज ५० किलोमीटरवर असते. नजर दुप्पट लांबवायची तर उंची चौपट लागते. मात्र ही उंची भोवतालच्या सखल भागापासून मोजायची. समुद्रसपाटीपासूनचा भारदस्त आकडा येथे निरुपयोगी. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे पल्ला सात-आठ टक्क्यांनी वाढतो. समोरही २०० मीटरचा डोंगर असेल, तर त्याचा माथा शंभर किलोमीटरवरूनही दिसू शकतो.

डोंगरमाथ्यांच्या याच गुणावर भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. १८०२ मध्ये मद्रासजवळ ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन कोन मोजणारे अर्ध्या टनाचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, टेकड्यांवर आणि देवळांवर चढवीत असे. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आदळून वाकला. लॅम्बटनने तंबूत बसून सुमारे सहा आठवड्यांत तो स्वतःच्या हातांनी सरळ केला. पुढे लातूरशेजारच्या बिदर परिसरात १८१५ मध्ये आधाररेषा मोजली गेली आणि तेथून त्रिकोणांची साखळी मराठवाड्याच्या पूर्व पट्ट्यातून वऱ्हाडातील एलिचपूरकडे सरकली. त्याच कामात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला लॅम्बटनचा मृत्यू झाला. १८६५ मध्ये जगातल्या सर्वोच्च शिखराला नाव मिळाले ते त्याच्या मदतनिसाचे, जॉर्ज एव्हरेस्टचे. पाया घालणारा लॅम्बटन मात्र पाठ्यपुस्तकांतूनही जवळजवळ गायब आहे.

एव्हरेस्टचे श्रेय वेगळे. दिवसा तापलेल्या हवेत दूरची खूण थरथरते, म्हणून त्याने रात्री दिवे लावून निरीक्षणे घेण्याची पद्धत रूढ केली. माहूरलाही उन्हाळ्याच्या दुपारी धुळीने आणि तापल्या हवेने दूरचे डोंगर पुसट होतात. पावसाने धूळ खाली बसवलेली असते, तेव्हा पावसाळा सरताच, सकाळी धुके विरल्यावर, गणितातले पन्नास किलोमीटर डोळ्यांनाही दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त.