दडे बसले, की कान गेला?

'कानाला दडे बसले' हे आपण फार सहज म्हणतो. सर्दी झाली, एस.टी. घाट उतरली, विहिरीत पोहताना कानात पाणी गेले, मळ साचला, सगळ्याला दडेच. यातले बहुतेक दडे आपोआप किंवा साध्या उपायाने सुटतात. पण एक दुखणे असे आहे की ते रुग्णाला अगदी असेच जाणवते, आणि मळाशी किंवा पडद्याशी त्याचा काही संबंध नसतो. तिथे आतला कानच तडकाफडकी मंदावलेला असतो.

जून २०२४ मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जाहीर केले, की काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरल्यावर त्यांना एकाएकी ऐकू येईनासे झाले. विषाणूसंसर्गानंतर आलेला हा चेतासंबंधित बहिरेपणा आहे, असे त्यांच्या डॉक्टरांचे निदान होते. बहुतेक रुग्णांत मात्र एकच कान जातो आणि नेमके कारण सापडत नाही. सकाळी उठल्यावर कान भरल्यासारखा वाटतो, त्यात शिट्टी वाजते, कधी चक्कर येते. फोन त्या कानाला लावला की पलीकडचे बोलणे कळत नाही. तीन दिवसांच्या आत श्रवणक्षमता ३० डेसिबेल किंवा अधिक घटली, तर त्याला आकस्मिक बहिरेपणा म्हणतात. डेसिबेलची श्रेणी लॉगरिथमची आहे हे लक्षात घ्या. ३० डेसिबेल घट म्हणजे पूर्वी जेमतेम ऐकू येणारा आवाज आता हजारपट तीव्र करावा लागतो!

हे दुखणे आणि साधे दडे यांत फरक कसा ओळखायचा? याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. एका कानात बोट घट्ट घाला आणि ओठ मिटून 'हं' असा लांब सूर धरा. सूर कोणत्या कानात मोठा वाटतो? बंद केलेल्या! हा सूर कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात पोचतो. बोटामुळे बाहेरचा गोंगाट तिथे येत नाही आणि आतला ध्वनी बाहेर निसटत नाही. मळाने किंवा सर्दीने दडे बसले तरी हेच घडते. पण शंखाकृती आतल्या कानातील केसपेशी किंवा श्रवणचेता निकामी झाल्या असतील, तर हाडांतून आलेला सूरही तिथे उमटत नाही. तो चांगल्या कानात ऐकू येतो. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवून हेच पाहतात. ही चाचणी वेबर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. वर्गात ती जरूर करून पाहावी. अर्थात एक कान आधीपासून अधू असेल किंवा दोन्ही कान गेले असतील, तर ती फसवते. खरा निवाडा ऑडिओमेट्रीचाच.

खरी अडचण वेळेची आहे. समजा, देगलूरच्या एका गुरुजींचा डावा कान सोमवारी गेला. दोन दिवस कोमट तेल, मग औषधाच्या दुकानातले थेंब, मग गोळ्यांचा एक कोर्स, मग परीक्षेचे काम. नांदेड गाठेपर्यंत महिना उलटतो. या विकारावर स्टेरॉइड देतात, तोंडाने किंवा पडद्यातून सुईने, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेले बरे. काहींचा कान औषधाविनाही सुधारतो, स्टेरॉइडच्या उपयोगाचा पुरावाही निर्विवाद नाही. तरीही केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, म्हणून थांबून पाहण्याचा जुगार आम्हाला पटत नाही. मधुमेह असेल तर तो आधी सांगावा. स्टेरॉइडने साखर वाढते. कानात तेल तर घालूच नये.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या दोन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे. बहिरेपणासोबत तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा थेट १०८ ला फोन करावा.

मुले तक्रार करत नाहीत. गालफुगीनंतर मूल एकच बाजू पुढे करून ऐकू लागले, तर शिक्षकांनीच पालकांना सांगावे. आणि दवाखान्यात केसपेपर काढताना 'दडे बसले' एवढेच सांगू नये. 'परवापर्यंत या कानाने फोन ऐकत होतो, काल सकाळपासून ऐकू येत नाही' असे तारखेसकट सांगावे.