सावंतवाडीचा राजवाडा : अतिथिगृहातून कलेला आधार

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मोती तलावाच्या काठी, सावंतवाडी संस्थानाचा जांभ्या दगडाचा राजवाडा उभा आहे. तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (१७५५-१८०३) तो बांधण्यात आला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. महसूल गेला, पण वास्तूच्या देखभालीचा खर्च मात्र कायम राहिला. राज्यातील कित्येक जुन्या वाड्यांपुढे आज हाच प्रश्न आहे. सावंतवाडीने त्याचे उत्तर एका हस्तकलेच्या साहाय्याने शोधले.

ही कला गंजिफांची. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले वर्तुळाकार पत्ते. बाबराने १५२७ मध्ये असे पत्ते सिंधला पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफांच्या एका संचात ९६ पाने असतात. महाराष्ट्रात रूढ झालेल्या दशावतारी गंजिफांत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा, अशी १२० पाने असतात. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने असा हा क्रम आहे. छापील चौकोनी पत्ते स्वस्तात मिळू लागले, तेव्हा गंजिफांचा खेळ मागे पडला आणि चितारी कारागिरांचे कामही आटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या जतन करून घेतली आणि राजवाड्यातच कलाकेंद्र सुरू केले.

याच आवारातील ताईसाहेब वाड्यात २०२२ पासून मोजक्या खोल्यांचे उंची अतिथिगृह चालविले जात आहे. त्याच्या सजावटीत गंजिफांतील चित्रे योजिली आहेत. पाहुण्याचा मुक्काम जेथे असतो, तेथून काही पावलांवर दरबार दालनात कारागीर कुंचला घेऊन बसलेले असतात. एकेक पान रंगविण्यास किती वेळ व कौशल्य लागते, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या ग्राहकाला त्याची किंमत अवाजवी वाटत नाही. अशा अतिथिगृहाचे खरे महत्त्व येथे आहे.

उंची खोलीचे भाडे सर्वांना परवडणारे नाही, हे उघड आहे. तथापि राजवाड्यातील संग्रह व कारागिरांचे काम तिकीट काढून कोणालाही पाहता येते. त्यामुळे शाळेच्या सहलीलाही ते खुले आहे. सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकडी खेळणी यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता या नावाने इतरत्र बनविलेला माल विकण्यास कायद्याने आळा बसू शकेल.

ग्रामपंचायतींनी यातून घेण्याजोगा बोध साधा आहे. गावातील जुना वाडा, धर्मशाळा वा चावडी पाडण्याचा ठराव करण्यापूर्वी तिचा मूळ बांधा न बदलता काही उपयोग होईल का, हे पाहावे. त्या उपयोगाशी गावच्या एखाद्या कारागिराची कमाई जोडता आली, तर वास्तू आणि कला या दोहोंचे रक्षण होईल. नुसत्या डागडुजीने भिंती टिकतील. परंतु त्या भिंतींच्या आत कोणाच्या तरी हाताला काम असेल, तरच वास्तू नांदती राहील.