न उतरणारी साडी

लग्नाचा बस्ता बांधायला बंगळूरला गेलेल्या मंडळींना चिकपेटचा पत्ता शोधावा लागत नाही. रिक्षावाल्याला ‘साड्या’ एवढे सांगितले तरी तो तिथेच आणून सोडतो. ‘चिक्क’ म्हणजे लहान, चिकपेट म्हणजे लहान पेठ. केंपेगौडाने सोळाव्या शतकात वसवलेल्या जुन्या गावाचा हा भाग. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. २०१७ पासून पेठेच्या पोटातून मेट्रोही धावते आहे. वर मात्र तीच अरुंद गल्ली, तीच गर्दी आणि पांढऱ्या गादीवर एकामागून एक उलगडणारी रेशमी साडी!

याच जुन्या पेठेत दरवर्षी चैत्री पौर्णिमेच्या रात्री एक पुरुष साडी नेसून निघतो आणि हजारो माणसे त्याच्यापुढे हात जोडतात. हा बंगळूरचा प्रसिद्ध करग उत्सव. तिगळ समाजाच्या धर्मराय मंदिरातून मध्यरात्रीनंतर मिरवणूक निघते. ज्याच्या डोक्यावर मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला करग असतो, त्याच्या अंगात द्रौपदीची शक्ती येते, अशी श्रद्धा आहे. हातात बांगड्या, कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. त्या दिवसांत त्याची पत्नी स्वतःच्या अंगावरची सौभाग्यलेणी उतरवून ठेवते. नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार सोबत चालतात. मिरवणूक कॉटनपेठेतल्या तवक्कल मस्तानच्या दर्ग्यातही थांबते आणि उजाडता उजाडता देवळात परतते. उत्सव संपतो, साडी उतरते आणि तो माणूस पुन्हा आपल्या संसाराला लागतो.

असा मान आपल्याकडेही कमी नव्हता. बालगंधर्वांचे लुगडे, त्यांचा अंबाडा, पदर सावरण्याची त्यांची लकब पाहून पुण्या-मुंबईच्या कुलीन स्त्रिया त्यांचे अनुकरण करीत. पण प्रयोग संपला की रंगपटात ती साडीही उतरत असे. पुरुषाने साडी नेसावी याला आपल्या समाजाची कधीच फारशी हरकत नव्हती. ती साडी सकाळी उतरली पाहिजे, एवढीच अट होती!

ज्यांची साडी उतरत नाही, त्यांचे काय? मुलगा म्हणून जन्माला येऊनही जी आतून मुलगीच असते, आणि एके दिवशी ते लपवणे थांबवते, तिचे काय? या प्रश्नाची उत्तरे गेल्या पंचवीस वर्षांत डॉक्टरांनी दिली, न्यायालयांनी दिली. पण चित्रांत, नाटकांत आणि नाचात या स्त्रियांनी स्वतः जी उत्तरे दिली, ती जास्त बोलकी आहेत. त्यांपैकी काही याच पेठेच्या आसपास जन्मली.

बाजारातली भिंत

चिकपेटपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर कृष्णराजेंद्र मार्केट आहे. बंगळूरकर त्याला सिटी मार्केट म्हणतात. फुलांच्या राशी, भाजीच्या पाट्या, हमालांचा आरडाओरडा. या बाजारात टाळ्या वाजवत पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी स्त्रिया नेहमीच दिसत. दुकानदार एक नाणे टेकवून नजर फिरवत. २०१६ मध्ये त्याच बाजारातल्या एका भिंतीवर या स्त्रियांनी स्वतःच्या हाताने चित्र रंगवले आणि कन्नडमध्ये दोन शब्द लिहिले – ‘नावू इद्देवे’. म्हणजे, ‘आम्ही आहोत’.

बंगळूरच्या चित्रकार पूर्णिमा सुकुमार यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘अरवाणी आर्ट प्रोजेक्ट’चे हे काम. नावामागे महाभारताची कथा आहे. अर्जुन आणि उलूपी यांचा मुलगा अरावान युद्धाआधी बळी जायला तयार झाला, पण मरण्यापूर्वी आपले लग्न व्हावे अशी त्याची इच्छा होती. दुसऱ्या दिवशी विधवा व्हायला कोण तयार होणार? शेवटी श्रीकृष्णाने मोहिनीरूप घेऊन त्याच्याशी लग्न केले. तामिळनाडूतल्या कूवागम गावी आजही तृतीयपंथी स्त्रिया अरावानच्या नावाने मंगळसूत्र बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तोडून शोक करतात. त्यावरून तिकडे त्यांना ‘अरवाणी’ म्हणत. आता ‘तिरुनंगै’ हा शब्द रूढ आहे.

या भित्तिचित्रांची रीत साधी आहे. आधी गप्पा होतात, कुणाला काय दाखवायचे ते ठरते. मग भिंत घासून पांढरी केली जाते, तिच्यावर मोठी रेखाटने होतात आणि रंग भरायला सगळ्या मिळून बसतात. आयुष्यात कधी ब्रश न धरलेल्या बायकाही त्यात असतात. मोठे मोठे चेहरे, रोखून पाहणारे डोळे, पाने-फुले, सपाट आणि भडक रंग. कलासमीक्षकाला त्यात बारकावा कमी वाटेल, पण रस्त्यावरच्या चित्राने रस्त्याएवढेच मोठ्याने बोलावे लागते. चित्र पूर्ण व्हायला काही दिवस लागतात, आणि खरे काम त्या दिवसांतच होते. जाणारा-येणारा थांबतो, काय चालले आहे ते विचारतो. एरवी जिच्याकडे पाहायचे टाळले, तिच्याशी तो रंगाबद्दल बोलू लागतो.

ही भिंत उभी राहिली तो काळही लक्षात घ्यायला हवा. २०११ मध्ये कर्नाटक पोलीस कायद्यात घातलेल्या ३६-अ कलमाने तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची मुभा पोलिसांना दिली होती. एखाद्या समाजाला जन्मजात संशयित मानण्याचाच हा प्रकार. त्यावर पुढे न्यायालयात दाद मागितली गेली आणि कलमातले ते शब्द बदलावे लागले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगळूरच्या रस्त्यांवरून दीडशेहून अधिक तृतीयपंथीयांना उचलून भिकाऱ्यांच्या वसाहतीत कोंडण्यात आले! अशा शहरात ‘आम्ही आहोत’ हे दोन शब्द भिंतीवर लिहिणे ही केवळ सजावट नव्हती.

यशोदेचे स्वप्न

लिंगबदल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेचे टेबल येते. वर्तमानपत्रांचे कुतूहलही तिथेच अडकते. या कलाकृतींत मात्र शस्त्रक्रिया फार थोडी जागा घेते. त्यांत येतात ते आरसा, बहिणीचा परकर, नवे नाव, आणि पुन्हा पुन्हा येते ती आई.

तेजल शाह या कलावंताची २००६ मधली एक छायाचित्रमाला आहे. त्यात तृतीयपंथी मैत्रिणींना ‘तुझे स्वप्न काय?’ असे विचारून तेच स्वप्न कॅमेऱ्यापुढे उभे केले गेले. एका छायाचित्रात त्यांच्यापैकी एक यशोदा झाली आहे, सोबत बाळकृष्ण. धाटणी राजा रविवर्म्याच्या चित्रांची. मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या त्याच्या तसबिरी एके काळी मराठी घराघरांत देव्हाऱ्याशेजारी टांगलेल्या असत. त्यामुळे हे छायाचित्र आपल्याला चटकन कळते आणि चटका लावून जाते. यशोदा ही जन्म न देता आई झालेली! हे स्वप्न पाहणारीने दुसऱ्या कुणाची निवड करावी?

ए. रेवती यांची गोष्ट कॅमेऱ्याऐवजी शब्दांत आहे. तामिळनाडूतल्या नामक्कलजवळच्या खेड्यात त्या मुलगा म्हणून जन्मल्या. घर सोडून दिल्ली आणि मुंबईत राहिल्या, स्त्री झाल्या, घरच्यांचा मारही खाल्ला. पुढे बंगळूरला आल्या आणि तिथल्या हमामात राहिल्या. हमाम म्हणजे गरम पाण्याच्या आंघोळीची जुनी ठिकाणे. घराबाहेर काढलेल्या अनेकींना तिथेच आसरा मिळे. नंतर त्या ‘संगम’ या संस्थेत काम करू लागल्या. २०१० मध्ये त्यांचे ‘द ट्रुथ अबाऊट मी’ हे आत्मचरित्र इंग्रजीत आले. कन्नडमध्ये ते ‘बदुकु बयलु’ या नावाने पुस्तक आणि नाटक म्हणून गाजले. तामिळमध्ये तर रेवती स्वतःच एकटीने रंगमंचावर उभ्या राहून ते सांगतात. प्रयोग संपल्यावर त्यांना साडी बदलावी लागत नाही!

सौंदत्तीच्या वाटेवर

कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या वाचकांना याहून जवळची ओळख आहे ती यल्लम्माच्या जोगत्यांची. डोक्यावर जग, हातात परडी, चौंडक्याचा ताल. सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिले आहेत. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ मध्ये आला. त्यातल्या तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण एक फरक विसरता कामा नये. तायप्पाच्या अंगावरची साडी रूढीने लादलेली आहे, ती त्याला नको आहे. रेवती किंवा मंजम्मा यांनी ती स्वतः मागून घेतली आहे. या दोन गोष्टींची गल्लत केली की दोघांवरही अन्याय होतो.

मंजम्मा जोगती बळ्ळारी जिल्ह्यातल्या. लहानपणीचे नाव मंजुनाथ शेट्टी. मुलगा बायकी वागतो म्हणून घरच्यांनी त्याला होस्पेटजवळच्या हुलिगेम्माच्या देवळात नेऊन जोगती केले. कमरेचा करगोटा तोडला, मंगळसूत्र बांधले, हातात बांगड्या भरल्या. मुलगा गमावला म्हणून त्या वेळी रडणारी आई मंजम्मांनी मुलाखतींतून सांगितली आहे. देवीचा मान मिळाला, पण घर राहिले नाही. भीक मागावी लागली, जीव नकोसा झाला. मग दावणगेरेच्या बसस्थानकावर एक बाप-लेक जोगती नाच करताना दिसले. डोक्यावर घागर, हात मोकळे, आणि घागर न पाडता खाली वाकून जमिनीवरचे नाणे उचलायचे. मंजम्मा तो नाच शिकल्या. पुढे काळव्वा जोगती या ज्येष्ठ कलावतीच्या हाताखाली तयार झाल्या आणि यल्लम्माच्या कथेवरच्या खेळांतून भूमिका करू लागल्या.

ज्या कलेला लोक भीक मागण्याचे साधन म्हणत, तिला त्यांनी रंगमंचावर नेले. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या तृतीयपंथी. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारताना त्यांनी आपल्या साडीचा पदर हाती धरून राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची दृष्ट काढल्यासारखी केली. सभागृह क्षणभर चकित झाले, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. घराघरांतल्या दूरदर्शन संचांवर ते दृश्य अनेकांनी पाहिले. आपल्या आजीने काढली असती तशीच ती दृष्ट होती.

मराठीतही हे आवाज आता दुसऱ्याच्या तोंडून येत नाहीत. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी’ हे आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून आले. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह तर थेट त्यांच्याच लेखणीतला. पडद्यावर मात्र अजून उसनवारी चालते. मूळच्या पुण्याच्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची ‘ताली’ ही मालिका २०२३ मध्ये आली. दिग्दर्शक ‘नटरंग’चेच रवी जाधव, भूमिका सुष्मिता सेन यांची. काम चांगले झाले, तरीही ही भूमिका एखाद्या तृतीयपंथी अभिनेत्रीला का दिली नाही, हा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्तच होता.

अरवाणीच्या बायकांचा ब्रश दरम्यान बराच दूर पोहोचला. २०१९ मध्ये कोलकात्याच्या सोनागाछीत त्यांनी एक आख्खी इमारत रंगवली. २०२४ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या ६० व्या आंतरराष्ट्रीय कला-प्रदर्शनात त्यांचे भित्तिचित्र होते. प्रदर्शनाचे सूत्र होते, सगळीकडेच परके. चित्राला त्यांनी ‘डायस्पोर’ हे नाव दिले. आपला मुलूख सोडून जगभर पांगलेल्या समाजासाठी वापरतात त्या ‘डायस्पोरा’ शब्दाची त्यावरून आठवण होते. ते रंगवणाऱ्यांचा समाज देशच काय, आपापले जिल्हेही न ओलांडता पांगलेला आहे. बहुतेकींचे गाव सुटले ते साडी नेसली त्या दिवशी.